ताण कमी झाल्याचा दाखला

मला ताण आहे हे मला ऑफिसकडून कळलं. लेखी, जावक क्रमांकासह.

तोपर्यंत मी स्वतःला बऱ्यापैकी सुखी माणूस समजत होतो. पाणीपुरवठा खात्यातल्या नकाशांच्या खोलीचा मी प्रमुख. प्रमुख म्हणजे त्या खोलीत मी एकटाच. शहराच्या पोटातून कुठली पाइपलाइन कुठून जाते, कुठे वळते, कुठे दुसरीच्या अंगावरून जाते, ते सगळे कागद माझ्या ताब्यात. सत्तावीस वर्षं मी येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला एकच गोष्ट सांगत आलोय, की बाबा रे, नवीन पाइप टाकण्याआधी जुना नकाशा बघ. ते घाईत असतात. "चार फूट तर खणायचंय," म्हणतात. मी त्यांना खुर्चीवर बसवतो, नकाशा उलगडतो आणि त्या चार फुटांत काय काय पुरलंय ते दाखवतो. मग ते चहाही न घेता निघून जातात. लोक मला खडूस म्हणतात ते यामुळे. मला त्याचं वाईट वाटत नाही, थोडासा अभिमानच आहे.

तर आमच्याकडे 'तणावमुक्त कर्मचारी पंधरवडा' साजरा झाला. चाळीस प्रश्नांचा एक फॉर्म आला. 'आपणास एकटेपणा जाणवतो काय? कधीच नाही, क्वचित, अनेकदा, सदैव.' मी सरळमार्गी माणूस. 'क्वचित'वर खूण केली, मग खोटं बोललो असं वाटून खोडली आणि 'अनेकदा'वर केली. बाकीच्या शहाण्यांनी सगळीकडे 'कधीच नाही' ठोकून दिलं होतं, हे मला नंतर समजलं. अख्ख्या मजल्यावर मी एकटाच तणावग्रस्त निघालो. पत्रात म्हटलं होतं की मी दोन महिन्यांत ताण कमी करावा आणि तो कमी झाल्याचा वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला तीन प्रतींत सादर करावा. पत्राची एक प्रत सूचनाफलकावर लावली होती. का लावली ते कुणालाच सांगता आलं नाही.

आता एकटेपणाचं काय ते सांगून टाकतो. पत्र येण्याच्या चार महिने आधी आमची ही मुलाकडे गेली. मुलगा लांब राहतो, विमानाने जावं लागतं. त्यांना बाळ झालं म्हणून ही सहा महिन्यांसाठी गेली. परतीचं तिकीट काढूनच गेली होती. रोज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन यायचा. आणि ज्या दिवशी ते पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, हे दोघं म्हणतायत की तिकीट पुढे ढकल, आणखी सहा महिने राहा. काय करू?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. पण तीस वर्षांच्या संसारात तिच्यावाचून माझं काही अडतं असं मी तोंडाने कधी म्हटलेलं नाही. आमच्या पिढीत ते कुणी शिकवलंच नाही. त्यात नुकतंच खात्याने मला जाहीरपणे दुबळा ठरवलं होतं. मी ताठ मानेने म्हणालो, "राहा की. माझं काय अडलंय इथे? मी अगदी मजेत आहे."

ती "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "बघते. घाई नाही, दोन महिने आहेत. थायरॉइडची गोळी घेता ना वेळेवर?"

"घेतो."

"यादी लावून आलेय ती वाचता ना?"

"पाठ झालीये," मी म्हणालो. हे धादांत खोटं होतं. जाताना तिने स्वयंपाकघरातल्या फळीच्या मागे, भिंतीवर, आपल्या ठसठशीत अक्षरात एक यादी चिकटवली होती. तिची पहिली ओळ 'उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी' अशी होती. ती मला ठाऊकच होती, म्हणून पुढचं मी वाचलं नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना कागद वाचायला लावलं, त्याला घरचा कागद वाचायचा कंटाळा.

फोन ठेवल्यावर घर एवढं मोठं वाटायला लागलं की मी उगाच तीनही खोल्यांतले दिवे लावून आलो.

सूचनाफलकावर नाव लागलं की माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. बातमी घरापर्यंतही पोचली होती; पहिले आले आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे कवायत मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी जिना एक-दोन, एक-दोन असाच उतरतात. त्यांनी माझा दंड दाबून पाहिला आणि निदान केलं. "मॅग्नेशियम कमी आहे. स्नायू सैल झाले की मन आपोआप सैल होतं. सकाळी एक गोळी. डोळे मिटून घ्या."

मी डोळे उघडे ठेवून घेतली, पण चूक व्हायची ती झालीच. थायरॉइडची गोळी सकाळीच असते, ही पण सकाळीच. दोनदा पाणी कशाला प्या? दोन्ही एका घोटात गिळायला लागलो. वेळ वाचला म्हणून स्वतःवर खूष झालो. त्या वाचलेल्या वेळात करण्यासारखं घरात काही नव्हतं ही गोष्ट वेगळी.

दुसरा सल्ला ऑफिसातून आला. आमच्या बिलं विभागात एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही 'संदर्भ' म्हणतो, कारण प्रत्येक वाक्य ते "मी परवाच वाचलं" असं म्हणून सुरू करतात. त्यांनी परवाच वाचलं होतं की ताणाचं मूळ म्हणजे लोह, कॅल्शियम आणि आणखी एकवीस गोष्टींची कमतरता, आणि त्या तेवीसच्या तेवीस एका लालभडक गोळीत मिळतात. ती गोळी तिसरी म्हणून त्याच घोटात गेली. तिचा आकार बघता घोट मात्र मोठा घ्यावा लागला.

तीन आठवडे झाले. ताण कमी व्हायचं सोडाच, मला दिवसाढवळ्या झोप यायला लागली. पंखा चालू असला की थंडी वाजायची. आवाज इतका संथ झाला की फोनवर ही दोनदा "हॅलो, लाइन गेली का?" म्हणाली. त्यात केस गळायला लागले. मुळात माझ्याकडे फार होते अशातला भाग नाही, पण जे होते त्यांच्याशी जुनी ओळख होती. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे वरच्या वहिनींनी, केसांच्या गोळ्या आणून दिल्या. शिवाय एका मुळीची पूड. "ही तर नैसर्गिक आहे हो, हिचा अपाय नसतोच," त्या म्हणाल्या. विंचूही नैसर्गिकच असतो हे मला तेव्हा सुचलं नाही. चांगली उत्तरं मला नेहमी जिना उतरून गेल्यावरच सुचतात.

एकेक करता फळीवर सात बाटल्या जमल्या. मी त्या माझ्या पद्धतीने नीट लावल्या, मोठी मागे, लहान पुढे, प्रत्येकीला क्रमांक. भिंतीवरची हिची यादी त्यांच्या मागे झाकली गेली. वर डोकावणारी पहिली ओळ तेवढी दिसत राहिली, 'उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी', आणि ती तर मी घेतच होतो.

एवढ्यानेही गुण येईना तेव्हा मास्तर म्हणाले, "डोस कमी पडतोय. मॅग्नेशियम तिप्पट करा." केलं. स्नायू सैल होतात म्हणाले होते ते खोटं नव्हतं. फक्त कुठले स्नायू ते त्यांनी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी सातला ही फोनवर बाळाने पहिल्यांदा कूस पालटल्याचं सांगत होती आणि मला फोन टाकून पळावं लागलं. परत आलो तर ती अजून लाइनवर.

"काय झालं हो?"

"दूध उतू गेलं."

दुसऱ्या दिवशीही दूध उतू गेलं. तिसऱ्या दिवशी दोनदा. शेवटी ती म्हणाली, "एकट्या माणसाला एवढं दूध कशाला लागतं?" मी म्हणालो, हल्ली तब्येत कमावतोय. ती हसली नाही. पूर्वी माझ्या असल्या उत्तरांवर ती हसायची. हसताना तोंडावर पदर नाही, हातातली जी वस्तू असेल ती धरायची, मग तो झारा असो की वर्तमानपत्र. फोनवर ते दिसत नाही. मला त्या झाऱ्याची फार आठवण झाली.

पण खरा घाव ऑफिसात बसला. एका सकाळी नवा इंजिनिअर आला आणि चक्क म्हणाला, "साहेब, खणायच्या आधी नकाशा दाखवता?" सत्तावीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते कानावर पडलं, आणि मी झोपेच्या गुंगीत त्याला शेजारच्या गल्लीचा नकाशा काढून दिला. त्याने इमानेइतबारे त्याप्रमाणे खणलं. दुपारी दुसऱ्या मजल्यापर्यंत उंच कारंजं उडालं. पाणी गेलं ते नेमकं अधिकाऱ्यांच्या वसाहतीचं, दोन दिवस. आणि त्या वसाहतीतल्या पहिल्या घरात आमचे वैद्यकीय अधिकारी राहतात, ज्यांच्याकडून मला दाखला घ्यायचा होता.

कुणी मला टाकून बोललं नाही. "होतं असं, ताण आहे ना तुम्हाला," असं सगळे हळू आवाजात म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. माझ्या हाताने चुकीचा नकाशा गेला, ही गोष्ट घरी येऊन सांगावी असं एकच माणूस होतं, आणि ते माणूस विमानाच्या अंतरावर होतं. मी रिकाम्या खुर्चीला सांगून पाहिलं. ती ऐकून घेते, पण "बरं, आधी हातपाय धुऊन या" असं म्हणत नाही.

दोन महिने संपत आले. वैद्यकीय अधिकारी म्हणजे आमच्या डॉक्टरीण बाई. अजूनही अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून आल्यासारख्या चेहऱ्याने त्यांनी मला तपासलं, रक्त काढायला लावलं आणि रिपोर्ट आल्यावर तो दोनदा वाचला.

"चमत्कारिक आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे बघितलं तर थायरॉइड कमी पडल्यासारखं दिसतंय. चेहरा सुजलाय, आवाज जड, थंडी. आणि रिपोर्ट म्हणतोय जास्त आहे. गोळीशिवाय आणखी काय घेता?"

"काही नाही."

"नक्की?"

"औषध म्हणाल तर काही नाही." फॉर्ममध्ये 'औषधे' असा रकाना होता. त्यात मी एकच गोळी लिहिली होती. फळीवरच्या सात बाटल्यांवर 'औषध' असं कुठे छापलेलं नव्हतं, आणि कागदावर जे छापलेलं नाही ते मी लिहीत नाही. शिवाय कवायत मास्तरांच्या सांगण्यावरून गोळ्या खातो हे डॉक्टरीण बाईंना कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांच्या घरचं पाणी मीच तोडलं होतं.

"मग रिपोर्टवर विश्वास ठेवावा लागेल," त्या नाखुशीनेच म्हणाल्या. "गोळी निम्मी करू. आठवडाभरात पुन्हा दाखवा."

चिठ्ठी घेऊन मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो. ते दुकान एक बाई चालवतात. चष्मा कपाळावर, पेन केसांत, आणि गिऱ्हाईकाच्या सात पिढ्यांची दुखणी तोंडपाठ. ही असताना आमची औषधं हीच आणायची, त्यामुळे बाईंच्या लेखी मी म्हणजे 'वहिनींचे ते'.

"वहिनी कधी येणार?" त्यांनी चिठ्ठी वाचत विचारलं.

"राहील अजून सहा महिने. उद्याच तिकीट पुढे ढकलायचंय," मी म्हणालो. मग आठवलं म्हणून सहज पुस्ती जोडली, "आणि त्या केसांच्या गोळ्यांची एक बाटली द्या. संपत आल्यात."

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "या गोळ्या तुम्ही घेता? रक्त दिलंत तेव्हाही घेत होतात?"

"रोज घेतो. न चुकता."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"ते औषध थोडंच आहे."

"पोटाला काय माहीत, कुठली गोळी कुठल्या खात्यातून आली ते?" बाई म्हणाल्या. "या गोळीत जे असतं ना, ते भल्याभल्या रक्ततपासण्यांना चकवतं. तुमचा रिपोर्ट खरा कशावरून? आणखी काय काय घेता?"

मी मोजायला लागलो. तिसऱ्या बोटावर त्यांनी हात वर केला. "थांबा. घरी जा. फळीवर असेल नसेल ते सगळं एका पिशवीत भरा आणि घेऊन या. ही निम्मी गोळी मी आत्ता देत नाही. डॉक्टरांशी मी बोलते."

मी घरी आलो. पिशवी घेतली आणि क्रमांकाप्रमाणे एकेक बाटली उतरवायला लागलो. सातवी उतरवली आणि मागची भिंत मोकळी झाली. यादी तिथेच होती, कोपऱ्यावर थोडा तेलाचा डाग पडलेली. मी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली.

'उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी.

नुसत्या पाण्याबरोबर, एकटी.

नंतर तासभर काही नाही. चहासुद्धा नाही. तुम्ही चोरून पिता.

कॅल्शियम, लोह असलं काही कुणी दिलं तर चार तासांनी. बरोबर घेतलं तर गोळी अंगी लागत नाही.

डॉक्टरांना सगळं सांगायचं. तुम्ही लाजेपोटी लपवता.

आणि काहीही नवीन घ्यावंसं वाटलं तर आधी मला विचारा.'

मी तिथेच स्टुलावर बसलो. सत्तावीस वर्षं शहराला सांगतोय, आधी जुना नकाशा बघा. आणि माझ्या स्वतःच्या पोटाचा नकाशा, शाईने काढलेला, कुठे काय पुरलंय त्याच्या खुणांसकट, मी सात बाटल्यांनी झाकून ठेवला होता. शेवटची ओळ मी पाच-सहा वेळा वाचली. आधी मला विचारा. मी काहीच विचारलं नव्हतं. साधं 'कधी येतेस' हे सुद्धा सहा महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

पिशवी घेऊन बाईंकडे गेलो, बाई मला हाताला धरल्यासारख्या डॉक्टरिणींकडे घेऊन गेल्या. दुकान अर्धं बंद करून. टेबलावर सात बाटल्यांची रांग लागली. डॉक्टरीण बाई एकेक उचलून मागची बारीक अक्षरं वाचत होत्या आणि मी शाळेत खिसे तपासले जावेत तसा उभा होतो.

"ही आणि ही," त्यांनी मॅग्नेशियम आणि ती लालभडक गोळी बाजूला केली, "थायरॉइडच्या गोळीबरोबर एकाच घोटात? मग ती गोळी पोटातून आरपार गेली, तुम्हाला मिळालीच नाही. म्हणून तुम्ही असे झालात. केसांच्या गोळीने रिपोर्ट उलटा दाखवला. आणि ही पूड. ही थायरॉइडला डिवचू शकते, तुमच्यासारख्याने विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. मी तुमची चालू गोळी निम्मी करायला निघाले होते, कळतंय का? आणखी झोपला असतात."

"यातलं सगळंच वाईट का?" मी बारीक आवाजात विचारलं.

"असं कुठे म्हणतेय मी? एखाद्याला एखादी गोष्ट लागते, तपासून, मोजून, एका वेळी एक. तुम्ही तर वरात काढलीत. आता सगळं बंद. थायरॉइडची गोळी पूर्वीचीच, एकटी. थोड्या दिवसांनी रक्त पुन्हा देऊ." मग त्यांनी माझा तो दाखल्याचा फॉर्म पुढे ओढला. "हं. 'ताणाचे कारण.' काय लिहू?"

मी बाटल्यांकडे बघत राहिलो. बाई चष्मा पुसायला लागल्या.

"घरात ही नाही," मी म्हणालो. "मला करमत नाही."

तीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही परक्या दोन बायकांसमोर. डॉक्टरिणींनी मान न उचलता लिहिलं, 'पत्नी परगावी.' मग पेन पुढच्या रकान्यावर ठेवलं. "उपाय?"

"तो रिकामा ठेवला तर?"

"फॉर्म परत येतो."

"मग लिहा," मी म्हणालो. "विचारून सांगतो."

सात वाजायला पाच मिनिटं असताना मीच फोन लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. तिने घाबरून उचलला.

"काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. म्हणजे, नाही." मी सगळं सांगितलं. मास्तर, घोट, कारंजं, बाटल्या, आणि दूध उतू जात नव्हतं ते सुद्धा. मध्ये तिने एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणालो, "आज तुझी यादी वाचली."

"आज?"

"आज. त्यात लिहिलंयस, आधी मला विचारा. म्हणून विचारतोय. तुझ्याशिवाय मला करमत नाही. तू परत येतेस का?"

"हॅलो, लाइन गेली का?" या वेळी मीच विचारलं. मग तिचा आवाज आला, जरासा ओला.

"तिकीट मी बदललेलंच नाही. हे दोघं रोज मागे लागलेत, मी आज करते, उद्या करते म्हणतेय. बाळासाठी बाईसुद्धा बघून झाली. म्हटलं, एकदा तरी विचारतील. तुम्ही आपले रोज मजेत." ती नाक पुसत असावी. "मला तर इथे झोपच नाही हो. इथल्या शेजारणीने कसले थेंब दिलेत, एक गोळी पण आहे, आणि एक कसल्याशा वनस्पतीचा चहा."

मी ताठ बसलो. "डॉक्टरांना सांगितलंस?"

"ते औषध थोडंच आहे," ती म्हणाली.

आणि मग आम्ही दोघंही हसायला लागलो. हसताना काहीतरी ठणकन पडल्याचा आवाज आला. तिच्या हातात झारा होता, मी शपथेवर सांगतो.

"कागद घे," मी म्हणालो. "लिहून घे. उद्या सगळं पिशवीत भरायचं, मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जायचं. काही लपवायचं नाही. आणि शेवटची ओळ लिही, काहीही नवीन घ्यायच्या आधी मला विचारायचं."

"आणि करमेनासं झालं तर?"

"तेही आधी मलाच सांगायचं."

तिने खरंच लिहून घेतलं की नाही ते मला माहीत नाही. पण नंतर बराच वेळ आम्हा दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही, आणि त्या संध्याकाळी दूध खरोखरच उतू गेलं.